वरच्या चाकावरची खूण

अहो, तुम्हाला उत्तर देता येणार नाही हे मला ठाऊक आहे, पण मधूनच उठून जाताही येणार नाही, तेवढं तरी बरं. एरवी मी मनातलं काही बोलायला बसले की तुम्हाला नेमकी गोठ्यातली गाय आठवायची. आज बसा. मला सांगायचंय ते सहा वर्षं राहून गेलंय, आणि तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले.

दहाव्याला कुकडीच्या काठी लई माणूस आलं होतं. पिंडाला कावळा लगेच शिवला, पान ठेवायचा अवकाश. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "बघ, फिटरभाऊंचं काय बी मागं राह्यलं न्हाई." मी मान हलवली. खरं सांगते, मला त्या कावळ्याचाच राग आला. त्याला काय माहीत तुमचं काय राहिलंय ते!

मग प्रवचन झालं, आणि मग रीतीप्रमाणे माईकवर एकेक जण तुमच्याबद्दल बोलायला उभा राहिला. एसटी डेपोतले तुमचे जोडीदार बोलले. सगळ्यात शेवटी आपले नामदेव भाऊजी उठले. धाकटा भाऊ, तुमच्याच हाताखाली वाढलेला, हुंदके देत बोलत होते. पण रडता रडता माणसांना हसवायची त्यांची खोड जायची नाही. "आमच्या भावानं तीस वर्सं डेपोत मोठमोठ्या गाड्या उघडल्या," म्हणाले, "एक नट कवा जास्त उरला न्हाई. पन घरच्या गाडीचा टायमिंग बेल्ट बसावला, तवा एक दात चुकला राव! आपटाळ्याच्या पुढं चढावर गाडी बसली. मानूसच व्हता, देव न्हवता." सगळा घाट हसला. प्रेमानंच हसला, त्यात वाईट काही नव्हतं. मी पदर तोंडाला लावून बसले होते, लोकांना वाटलं मी रडतेय.

मी रडत नव्हते, मी गप्प बसत होते. सहा वर्षांत मला त्याची चांगली सवय झालीय. अहो, तो दात तुमच्या हातून चुकला नव्हता, माझ्यामुळे चुकला होता. आणि तुम्ही मात्र स्वतःचाच हात चुकला असं समजून गेलात. तेवढं एक मला तुमच्यापाशी नीट करायचंय. उशीर झालाय, कळतंय मला. तरी.

लग्न होऊन मी घाटघरहून येडगावात आले तेव्हा पहिल्याच महिन्यात तुम्ही मला चकित केलं होतं. तुम्ही जेवत होतात, लांब रस्त्यावरून एसटी गेली, आणि तुम्ही घास हातात धरून म्हणालात, "हिचं पुढचं बेरिंग गेलंय." दुसऱ्या दिवशी ती गाडी खरंच डेपोत आली. मला केवढं कौतुक वाटलं! पुढं पुढं त्याचाच संताप यायला लागला. मैलभरावरच्या गाडीचं बेरिंग ऐकू येतं, आणि चुलीपुढून मी तीनदा हाक मारली तर ऐकू येत नाही, हे कसले कान म्हणायचे? मोरीतला नळ सहा महिने गळत होता. तो मी नामदेव भाऊजींकडून नीट करून घेतला, तुम्हाला लाज वाटावी म्हणून. तुम्ही त्यांना शाबासकी दिलीत.

आपल्या भांडणाचे विषय दोनच. तुमचा तंबाखू आणि माझं हळद-कुंकू. खिशात चुन्याची डबी असल्याशिवाय तुम्ही उंबरा ओलांडला नाही. तंबाखू सुटावा म्हणून मी लेण्याद्रीच्या गणपतीला नवस बोलले. एवढ्या पायऱ्या धापा टाकत चढले आणि उतरले, तर खाली तुम्ही मळत बसलेले. मी आकाशपाताळ एक केलं. तुम्ही चिमूट सोडत म्हणालात, "नवस तू केलाय ना? मंग तूच सोड तंबाखू." आता काय बोलणार अशा माणसाशी!

आणि मी? घरात नवी वस्तू आली की तिला हळद-कुंकू लावल्याशिवाय मी ती वापरू देत नसे. कुकर, मिक्सर, विहिरीवरची मोटार, सगळ्याला. "गॅसच्या नळीला कुंकू लावनारी बाई मी एकच बघितली," असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात. हसायचात, पण अडवलं कधी नाही. अडवलं असतंत तर बरं झालं असतं.

सहा वर्षांपूर्वीचा तो वैशाख तुम्हाला आठवत असेलच. दुसऱ्या दिवशी घाटघरला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. मी म्हटलं, सकाळच्या वडाप जीपनं जाऊ, सगळं जग जातंय. तर तुम्ही म्हणालात, "आत्याबाईचा मान घिऊन तू जीपड्यात लोंबकाळत जानार व्हय? गाडी हाय की दारात." रिटायर झाल्यावर घेतलेली आपली ती जुनी पांढरी गाडी. तुम्ही बॉनेट उघडून बघितलं आणि तुमच्या लक्षात आलं की टायमिंग बेल्टला चिरा गेल्यात. चढावर तुटला तर इंजिनाचं वाटोळं. गॅरेजात न्यायला वेळ नव्हता, आणि तुम्ही काय गॅरेजात नेणार? नवा बेल्ट तुम्ही आधीच आणून फडताळात ठेवला होता. अंगणात शेवग्याखाली गाडी जॅकवर चढवली, बाजूचं चाक काढलं, आतलं झाकण काढलं. माझ्यासाठी चाललं होतं ते सगळं. मी माहेरी मानानं उतरावं म्हणून.

मी चहा घेऊन आले तर तुम्ही मला बळंच खाली वाकवून दाखवलंत. "हे बघ, ह्ये खालचं चाक पिस्टनचं. ह्ये वरचं चाक झडपांचं. मधी ह्यो दात्यांचा पट्टा, त्यो दोघांना बांधून ठिवतो. दोघं एका तालात फिरली पायजेल. येक दात इकडं-तिकडं झाला का गाडीची ताकद जाती. लईच झाला तर झडपा पिस्टनवर आपटत्यात, मंग खेळ खलास." मी म्हटलं, "मला काय करायचंय? उद्या वेळेवर पोचवा म्हणजे झालं." ऐकून घेतलं असतं त्या दिवशी नीट, तर?

वरचं चाक आधीच्या मालकानं कधीतरी बदललं होतं, त्याच्यावरची कंपनीची खूण तुम्हाला भरवशाची वाटेना. मग तुम्ही तुमचीच खूण केलीत. काडीच्या टोकानं चुन्याचा एक ठिपका वरच्या चाकाच्या एका दातावर आणि एक समोर इंजिनाच्या अंगावर. पट्टा काढायच्या आधी दोन ठिपके समोरासमोर, नवा पट्टा घालतानाही समोरासमोर. साधं, सोपं, बिनचूक. हे मला आता सांगता येतं. तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, मी काहीच बघितलं नव्हतं.

जुना पट्टा काढून तुम्ही हात धुवायला टाकीवर गेलात, तिथून आत नवा पट्टा आणायला. तेवढ्यात मी हळद-कुंकवाची वाटी घेऊन बाहेर आले. एवढं मोठं काम चाललंय, इंजिन उघडं पडलंय, त्याला बोट लावावं. वाकून बघते तर त्या चाकावर चुना. मला वाटलं, तंबाखू मळता मळता उडालाय. माझं डोकंच फिरलं. पूजेच्या वस्तूवर उष्ट्या तंबाखूचा चुना! पदराच्या टोकानं खसाखसा पुसला आणि हळदीचं बोट लावलं. राहिलेल्या चुन्यावर हळद लागली आणि तिथं लालभडक झालं. मी परत पुसलं.

तेवढ्यात आतून तुमचा आवाज आला. "अगं, त्या चुन्याला हात लावू नको बरं का! ती खून हाय."

मी परत वाकून बघितलं. सगळे दात सारखे हो. कुठल्या दातावर होता? हा की त्याच्या शेजारचा? तुमची चुन्याची डबी तिथंच मडगार्डवर होती, काडी पण होती. मी अंदाजानं एका दातावर ठिपका ठेवला. अगदी तुमच्यासारखा, बारीक. एवढा छान जमला की मलाच वाटलं, इथंच होता.

तुम्ही आलात. "ह्ये लाल काय सांडलंय?"

"कुंकू सांडलं असंल," मी म्हटलं.

"झाली का इंजनाची पूजा?" असं म्हणून हसलात. आणि पट्ट्याविना वरचं चाक जरा सरकतंच, म्हणून ते फिरवून माझा ठिपका समोरच्या ठिपक्यापुढं आणलात, नवा पट्टा चढवलात. ताण बसवलात. मग खालच्या बोल्टला पाना लावून हातानं इंजिनाचे दोन पुरे वेढे फिरवलेत, मोठ्यानं मोजत. दोन्ही ठिपके पुन्हा समोरासमोर आले. "बघ," म्हणालात, "जुळलं." तुम्ही सगळं शिस्तीत केलं होतं. तपासायचं ते तपासलंही होतं. पण खूणच खोटी होती, आणि ती खोटी असू शकते हे माहीत असलेली बाई वाटी घेऊन शेजारी उभी होती. "जुळलं," मी म्हटलं.

गाडी चालू झाली. तुम्ही कान तिरका केलात. "जरा भरल्यागत, जड वाटती. परत येकदा उघडतो." तुमच्या कानाला तेव्हाच कळलं होतं! पण मी अंगावर आले. "आता काय उघडाउघडी नको. झालं ते झालं. माझी अजून साडीसुद्धा इस्त्री व्हायचीय." तुम्ही खांदे उडवलेत आणि पाने गोळा केलेत.

दुसऱ्या दिवशीचं नामदेव भाऊजींनी माईकवर सांगितलंच. जुन्नर मागं पडेपर्यंत गाडी कशीबशी चालली, आपटाळ्याच्या पुढं चढ लागला आणि तिनं मान टाकली. पहिल्या गिअरमध्येसुद्धा ओढेना. इंजिन तापून वाफा निघायला लागल्या. शेवटी मागून आलेल्या जीपच्या मागच्या फळीवर, मांडीवर भाचीची साडी घेऊन, मी घाटघरला पोचले. साखरपुडा उरकला होता. आत्याच्या जागी दुसऱ्याच कुणीतरी पोरीची ओटी भरली होती.

आणि मग मी जे बोलले ते आपण दोघं पुन्हा कधी बोललो नाही. माझ्या भावाच्या अंगणात, पंगत बसलेली असताना, चाळीसएक माणसांच्या देखत मी म्हणाले, "तीस वर्षं डेपोत काय नुसतं नट मोजत होता का? एक पट्टा धड बसवता आला नाही!" पंगतीत कुणीतरी फिसकन हसलं. तुम्ही काळ्या झालेल्या हातांकडं बघितलंत आणि हात धुवायला गेलात. बराच वेळ धूत होतात.

तिसऱ्या दिवशी अस्लमनं गाडी ओढून जुन्नरला त्याच्या गॅरेजात नेली. तुम्ही ज्याला कधीकाळी पाना धरायला शिकवलंत तो अस्लम, आता त्याचे स्वतःचे केस पिकलेत. त्यानं उघडून बघितलं, परत बघितलं, आणि अवघडून म्हणाला, "काका, येक दात पुढं बसलाय." तुम्ही म्हणालात, "येक दात?" मी तिथंच स्टुलावर चहा पीत होते. मला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. शेजारचा दात होता तर. कप हातात तसाच राहिला, चहावर साय धरली.

तेव्हा का नाही बोलले? सोपं कारण आहे आणि ते चांगलं नाही. परवाच चाळीस माणसांत तुमचा पाणउतारा केला होता मी. आता खरं सांगायचं म्हणजे परत घाटघरला जाऊन त्या चाळीस जणांपुढं माझं थोबाड रंगवून घ्यायचं. म्हटलं, जरा थंड होऊ दे, मग हसत हसत सांगू. तुम्ही हसला असतात हो. "गॅसच्या नळीनंतर आता इंजन," असं काहीतरी बोलून आयुष्यभर पाहुण्यांना सांगत बसला असतात. पण आठवडा गेला, महिना गेला, आणि गोष्ट थंड झाली ती दगडासारखी.

मला वाटलं होतं, तुम्ही विसराल. तुम्ही विसरला नाहीत, तुम्ही सोडून दिलंत. कुणाची मोटार अडकली, कुणाच्या ट्रॅक्टरचा आवाज बदलला की माणसं सवयीनं आपल्या दारात यायची. "फिटरभाऊ, जरा बघा की." तुम्ही ओसरीवरूनच सांगायचात, "अस्लमकडं न्या. माझा हात ऱ्हायला न्हाई आता." पाने तेलाच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत टाकलेत. ज्याला येता-जाता बेरिंग ऐकू यायची तो माणूस रस्त्याकडं पाठ करून बसायला लागला. मग एक दिवस मंचरला डोळे तपासायला गेलात. मीच बरोबर होते. डॉक्टर म्हणाले, वाचायच्या चष्म्याचा नंबर सोडला तर डोळे उत्तम आहेत. दुसरा माणूस खूश झाला असता. तुम्ही एसटीत बसल्यावर म्हणालात, "डोळं तर चांगलं हायेत म्हनं." बस्स, एवढंच. मी खिडकीतून उसाकडं बघत राहिले.

आणि एकदा तुम्ही विचारलंतसुद्धा. ओसरीवर वाटाणे सोलत होतो आपण. मान वर न करता म्हणालात, "तवा... मी बेल्ट आनायला आत गेलो तवा, तू कशाला हात-बित तर न्हाई ना लावला?" अहो, दार उघडून दिलं होतंत तुम्ही मला. नुसतं आत यायचं होतं. आणि मी काय केलं? फणकाऱ्यानं म्हणाले, "नाही! मला काय करायचंय तुमच्या चाकाला हात लावून? चुकलं तर चुकलं म्हणा की. बायकोवर कशाला ढकलता?" तुम्ही म्हणालात, "न्हाई गं, सहज इचारलं." आणि शेंगा सोलायला लागलात. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत.

तुमच्यावर रागवायला मला कधीच कारण लागलं नाही, पण त्या सहा वर्षांतला राग निराळाच होता. तुम्ही माझ्याशी जितके चांगले वागायचात तितका तो वाढायचा. गाडी तुम्ही चालवायची सोडलीत आणि मला शिकवायला घेतलीत. या वयात! धरणाच्या रस्त्यावर, शेजारच्या सीटवर, हात गुडघ्यांवर ठेवून बसायचात. माझा गिअर चुकायचा, गाडी बंद पडायची, मागून ट्रॅक्टरवाला शिव्या द्यायचा, आणि तुम्ही म्हणायचात, "व्हतंय. परत लाव." मी चुकले की तुमच्या लेखी काहीच बिघडत नसे. स्वतःची एक न केलेली चूक मात्र तुम्ही धरून ठेवलीत. मला कधी कधी वाटायचं, गाडी तिथंच धरणाकडेला उभी करावी आणि ओरडून सांगावं. तसं केलं नाही. गाडी चालवायला मात्र शिकले. त्याबद्दल तुमचे उपकार मानायचेही राहिले, तेही आज मानते.

तुमच्या छातीत दुखायला लागलं त्या सकाळी मीच गाडी काढली. नारायणगावपर्यंत तुम्ही डोळे मिटून होतात. फाट्यावर वळण घेतलं तेव्हा डोळे उघडलेत आणि म्हणालात, "चांगली चालीवतीस." मला उद्देशून बोललेलं तुमचं शेवटचं धड वाक्य ते. तेव्हा सांगायला हवं होतं का? पण तशा वेळी माणूस रस्ता बघतो हो, एवढंच सुचतं.

आता आजचं सांगते. आपला महेश चाकणहून आला होता. म्हणाला, "आई, गाडी आता काढून टाकू. बेल्ट बदलायचा पण झालाय." मी म्हटलं, "गाडी कुठं जायची नाही. बेल्ट बदलू. आणि तो इथंच बदलायचा, आपल्या अंगणात." अस्लमला फोन केला. तो म्हणाला, "काकी, गॅरेजात आना की, तासाभराचं काम." मी म्हटलं, "तू हत्यारं घेऊन ये." आला बिचारा. शेवग्याखाली गाडी जॅकवर चढली तशी आजूबाजूची माणसं येऊन बसली, नामदेव भाऊजीही आले. अस्लमनं झाकण काढलं आणि भाऊजी सवयीनं बोलून गेले, "आस्लम, दात मोजून घे रं बाबा. ह्या आंगनाला सवय हाय!"

माणसं हसली. आणि मी म्हणाले, "भाऊजी, थांबा. त्या दिवशी दात यांच्या हातून चुकला नव्हता. यांनी केलेली खूण मी पुसली आणि अंदाजानं दुसरीकडं लावली. यांना सांगितलं नाही."

महेश माझ्याकडं बघत राहिला. भाऊजींनी टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "जाऊ द्या वयनी. आता काय त्याचं? आता मानसांना कशाला सांगायचं, तुमचीच शोभा व्हईल."

मग मात्र माझा तोल गेला. "आता काय त्याचं म्हणजे? तुम्ही माईकवर सांगितलंत तेव्हा नव्हतं का म्हणायचं, आता काय त्याचं? सहा वर्षं तो माणूस ओसरीवर बसून स्वतःचे हात बघत होता! वर्षश्राद्धाला पुन्हा माईक घ्याल ना, तेव्हा हेच सांगा. नाहीतर मी उठून सांगेन." रडायला मला तेव्हा आलं. दहाव्याला राहिलेलं सगळं आलं.

अस्लम मात्र हलला नव्हता. तो तसाच उकिडवा, पाना हातात. म्हणाला, "काकी, काका दर म्हैन्याला गॅरेजात यायचे, तुमाला ठाव हाय का?" मला नव्हतं ठाऊक. तुम्ही जुन्नरच्या बाजाराला म्हणून जायचात. "यायचे अन् म्हनायचे, आस्लम, खरं सांग, येकच दात व्हता का? मी म्हनायचो, काका, सोडा आता. मंग येकदा कस्टमरच्या गाडीचा बेल्ट आला व्हता, मी म्हनलो, काका, ह्यो तुमी बसवा. नगं नगं म्हनत बसावला. मी तीनदा चेक केला. केसाचा फरक न्हवता. मला वाटलं खूस व्हतील. तर तितंच फरशीवर बसले. म्हनले, मंग त्या दिवशी काय झालं आसंल रं?"

तो पुढं म्हणाला, "मीच बोललो मंग. म्हनलो, काका, घरात कुनाचा तरी हात लागला आसंल खुनेला. काकीला इचारा. तर माझ्यावर असे खवळले, आयुष्यात कवा खवळले न्हवते. म्हनले, तिला इचारलंय मी. ती न्हाई म्हनली, म्हंजी न्हाई. माझाच हात चुकला."

अस्लमनं बेल्ट बसवला, हातानं दोन वेढे फिरवले, गाडी चालू केली. आवाज स्वच्छ होता म्हणे. माणसं चहा पिऊन गेली. महेश रात्रीच्या आत चाकणला पोचायचं म्हणून निघाला, निघताना पाया पडला. मी तेव्हापासून या ओसरीवर बसून तुमच्याशी बोलतेय.

तुमचे डोळे चांगले होते, डॉक्टरनं सांगितलं. हात चांगला होता, अस्लमनं तीनदा तपासला. कान चांगला होता, गाडी भरल्यागत वाटतेय हे त्यानं तर तिथंच अंगणात सांगितलं होतं. सगळे एका बाजूला साक्ष देत होते आणि दुसऱ्या बाजूला माझं नुसतं एक 'नाही' होतं. तुम्ही तुमचे डोळे, हात, कान सगळे खोटे ठरवलेत आणि माझं 'नाही' खरं धरलंत. अहो, कशाला एवढा विश्वास ठेवायचा बायकोवर?

परत विचारा. एकदा विचारा. मी वाटाणे खाली ठेवते आणि तुमच्याकडं बघून सांगते. हो. लावला होता मी हात.